हसवणाऱ्यांची बखर

घनश्याम नायक या ज्येष्ठ गुजराती नटाचे ३ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत निधन झाले. या नावाने त्यांना ओळखणारे थोडे. परंतु 'तारक मेहता का उल्टा चश्मा' या मालिकेतील नट्टूकाका म्हटले की घराघरांत ओळख पटत असे. भवई या गुजराती लोकनाट्याचा वारसा त्यांना घरातूनच लाभला होता आणि बालवयापासून त्यांनी रंगभूमीची सेवा केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नातीने तिच्या भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटांची एक चित्रफीत मला दाखवली. कोणा अनोळखी तरुणाने मालिकेतील नट्टूकाकांची दृश्ये वेचून, त्यांची गती मंद करून, त्यांखाली बासरीचे सूर घातले होते.

मालिकेत नट्टूकाका तेरा वर्षे आपल्या शेठजींकडे पगारवाढ मागत राहिले. ती मागणी आणि तिची टाळाटाळ हा प्रेक्षकांच्या हमखास हशाचा विषय. चित्रफितीत तीच मागणी एकामागून एक अशी पाच-सहा वेळा आली. मात्र तिच्याभोवतीचे गमतीदार आवाज काढून टाकलेले होते. ज्या वाक्याला आम्ही घरातली सारी मंडळी खदखदून हसलो होतो, त्याच वाक्याने त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. हे काय झाले, असा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर शोधताना या छोट्या चित्रफितींना इतिहास आहे आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे, असे ध्यानात आले.

आवडत्या मालिकेची दृश्ये घेऊन रसिकांनी स्वतः काही नवे रचण्याची प्रथा अमेरिकेत सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. 'स्टार ट्रेक' ही अंतराळकथेची मालिका १९६६ ते १९६९ या काळात तेथे दाखवली गेली आणि बंद पडली. परंतु तिचे चाहते पांगले नाहीत. १९७५ मध्ये कँडी फाँग या चाहतीने मालिकेच्या चित्रीकरणातील टाकून दिलेल्या तुकड्यांपासून पारदर्शिका तयार केल्या आणि ध्वनिफितीवरील गाण्याच्या तालावर त्या एकापाठोपाठ एक पडद्यावर दाखवल्या. जे कापून फेकून दिले होते, त्यातून हे पहिले स्मरणचित्र उभे राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच १९७५ साली सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र बाजारात आले व पुढल्याच वर्षी व्हीएचएस आले. घरबसल्या कार्यक्रम मुद्रित करण्याची सोय झाली. चित्रपट-कंपन्यांनी याला हरकत घेतली. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सवडीने पाहण्यासाठी घरी मुद्रण करणे हा गुन्हा नव्हे. दोन यंत्रे एकमेकांना जोडून, हव्या त्या ठिकाणी कळ दाबून, चाहते गाण्यावर दृश्ये बसवू लागले. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. एकेका गाण्यासाठी रात्रीच्या रात्री जात. या कलेला वाहिलेले एक संमेलन २००२ ते २०१८ या काळात शिकागो येथे दरवर्षी भरत असे. पुढे संगणक आला, २००५ मध्ये यूट्यूब आले, आणि जे चार मित्रमंडळींत फिरत होते ते साऱ्या जगापुढे आले.

आता विनोदी मालिकांकडे वळू. विनोद टिकवून ठेवण्याजोगा असतो, हे प्रथम ओळखले कोणी? निर्मात्यांनी खचितच नव्हे. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० आणि १९७०च्या दशकांत आपल्या असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित केले. कारण फीत महाग होती आणि पुनःप्रक्षेपणाची फारशी अपेक्षा नव्हती. 'डॅड्ज आर्मी' ही दुसऱ्या महायुद्धातील वयस्क गृहरक्षकांची गंमत सांगणारी मालिका १९६८ ते १९७७ अशी नऊ वर्षे चालली, तिचे ऐंशी भाग झाले. तिच्या १९६९च्या मालेतील पाच भाग नाहीसे झाले होते. त्यांपैकी दोन २००१ मध्ये एका खासगी व्यक्तीने ठेवलेल्या फिल्मच्या डब्यांत सापडले; तीन आजही सापडलेले नाहीत. त्या तिघांतील एकाचे केवळ ध्वनिमुद्रण हाती आले, त्यावर चित्रे रचून २०१६ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला. 'डॉक्टर हू' ही मालिका विनोदी नव्हे, परंतु तिच्या हरवलेल्या सर्व भागांचा आवाज वाचला तो केवळ घरोघरच्या प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीसमोर ध्वनिमुद्रक ठेवून केलेल्या मुद्रणांमुळे. दप्तरात जे राहिले नाही ते लोकांच्या माळ्यावर राहिले.

'तारक मेहता'चा इतिहास आपल्या अधिक जवळचा आहे. तारक मेहता (१९२९–२०१७) हे गुजराती विनोदकार. 'चित्रलेखा' या साप्ताहिकात १९७१ पासून त्यांचे 'दुनियाने ऊंधा चश्मा' हे सदर सुरू झाले. त्यावर बेतलेली हिंदी मालिका असितकुमार मोदी यांनी निर्माण केली आणि २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर तिचा प्रारंभ झाला. तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले आहेत. गोरेगावातील गोकुळधाम या काल्पनिक वसाहतीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली अशी माणसे शेजारी राहतात. वसाहतीचा सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे हा मराठी शिकवणीमास्तर. त्याची पत्नी माधवी लोणची-पापड करून विकते. त्याच्या जुन्या स्कूटरचे नाव 'सखाराम'. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी या मराठी कलावंतांनी हे जोडपे साकारले. गुजराती लेखणीच्या आधारे उभ्या राहिलेल्या वसाहतीत मराठी माणूस कसा दिसतो, हे पाहण्याची ही संधी होती. तो काटकसरी, नियमांचा आग्रही, किंचित चिडका, पण अडीअडचणीला धावणारा असा दिसला. बडोद्यासारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या गुजराती शेजाऱ्यांसह राहिलेल्या आम्हांला त्यात अनोळखी असे काही वाटले नाही. २०१९ मध्ये ही मालिका 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने मराठीतही आली.

अशा मालिकेचा एक अलिखित नियम असतो. आजच्या भागात कितीही गोंधळ माजला, तरी तो मिटताच सारे पूर्ववत होते. कोणी म्हातारा होत नाही, कोणी मरत नाही. परंतु नट मात्र माणसे असतात. दयाबेनची भूमिका करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७ मध्ये रजेवर गेल्या त्या परतल्या नाहीत. डॉक्टर हाथी साकारणारे कवीकुमार आझाद ९ जुलै २०१८ रोजी गेले. शैलेश लोढा २०२२ मध्ये बाहेर पडले. भिड्यांच्या सोनूची भूमिका २००८ पासून चार मुलींनी केली. मालिका या साऱ्याकडे काणाडोळा करून पुढे चालत राहते. तिला तसे करणे भागच असते.

जे मालिका सांगू शकत नाही, ते रसिकांच्या चित्रफिती सांगतात. टपू लहानाचा मोठा कसा झाला, सोनू कशी बदलत गेली, दयाबेनची मातेला घातलेली हाक शेवटची केव्हा ऐकू आली, हे सारे कालक्रमाने जोडण्याचे काम मालिकेने नव्हे, तर प्रेक्षकांनी केले. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. विनोदाला काळाचे भान नसते. त्याच प्रसंगांना काळाचा धागा ओवला, की करुण रस उत्पन्न होतो. नट्टूकाकांची पगारवाढ एका भागात गंमत होती. तेरा वर्षांच्या शेवटी ती एका आयुष्याची कहाणी झाली. त्यातही एक मौज अशी, की सदोदित 'आमच्या काळी' असे म्हणणाऱ्या भिडे मास्तरांना हसणारी मुलेच आज मालिकेच्या पहिल्या वर्षांविषयी भिडे मास्तरांच्याच सुरात हळहळतात.

ही निर्मिती आपल्या देशात फोफावली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाले तेव्हापासून. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा हा ओघ इन्स्टाग्रामच्या छोट्या चित्रफितींकडे वळला. पूर्वी दोन यंत्रे व एक रात्र लागत होती. आता बसथांब्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही ते जमते. सोय वाढली तसा गैरवापरही वाढला. मालिकेतील स्त्री कलाकारांची विकृत चित्रे, कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या खोट्या चित्रफिती, परवानगीवाचून पात्रांची चित्रे छापून विकलेल्या वस्तू, असे प्रकार सुरू झाले. निर्मिती संस्थेने दाद मागितली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालिकेचे नाव, पात्रे व संवाद यांच्या अनधिकृत वापराला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला.

अश्लीलता व फसवणूक यांना आळा बसला, याबद्दल कोणाचे दुमत असू नये. तथापि नट्टूकाकांसाठी बासरी वाजवणारा तो तरुण कोणत्या बाजूला उभा राहतो, हा प्रश्न उरतोच. १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील ५२वे कलम खासगी उपयोग, टीका, परीक्षण यांसाठी रास्त वापराची मुभा देते. श्रद्धांजलीचा उल्लेख त्यात नाही. कायद्याच्या भाषेत प्रेमासाठी स्वतंत्र रकाना नसतो.

मला या ठिकाणी आपल्याच दोन शब्दांची आठवण होते: दप्तर आणि बखर. दप्तर म्हणजे मालकाने ठेवलेली नोंद. ती विश्वासार्ह खरी, पण मालकाला नकोसे झाले की पुसलीही जाते. बखर भक्तिभावाने लिहिलेली असते. ती निवड करते, रंग चढवते, प्रसंगी साल चुकते. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदाला मोल दिले ते योग्यच होते. परंतु एखादा माणूस लोकांना का प्रिय होता, हे जाणायचे तर बखरीकडेच जावे लागते. रसिकांच्या चित्रफिती या आजच्या बखरी आहेत. त्यांत अतिशयोक्ती आहे, भाबडेपणा आहे. मात्र कोणत्या वाक्याला सारे घर हसले होते, याची साक्ष निर्मात्याच्या दप्तरात मिळणार नाही, ती तेथेच मिळेल.

योगायोग असा, की मराठी विनोदाचा एक थोर मानकरी या दोन्हींना जवळून ओळखत होता. चिं. वि. जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते आणि तेथील राजदप्तरातही त्यांनी काम केले. दिवसा संस्थानची कागदपत्रे सांभाळणाऱ्या त्याच हाताने चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने चिमणरावांवर मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. त्या केंद्राचे प्रक्षेपण आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी पोहोचत नव्हते. मुंबई-पुण्याचे पाहुणे येत, सोफ्यावर बसून प्रसंगांच्या नकला करीत, आणि आम्ही ती मालिका तशी 'पाहिली'. आज विचार केला तर त्या नकलाही रसिकांची स्मरणचित्रेच होती. फक्त ती टिपणारे यंत्र नव्हते.

लिहिताना एक सल मनात आहे. आमच्या मंडळाने एके काळी गणेशोत्सवातील नाटके व्हिडिओ कॅसेटवर मुद्रित केली होती. काही वर्षांपूर्वी ते कपाट उघडले तेव्हा बहुतेक फितींना बुरशी लागलेली आढळली. ज्या शाबूत होत्या त्यांवर ना नाटकाचे नाव होते, ना साल. ज्यांनी रंगमंचावर आम्हांला हसवले त्यांच्यापैकी कित्येक आता नाहीत, आणि त्यांचे हसवणे कोठेच उरलेले नाही. बीबीसीला बोल लावण्याचा अधिकार त्या दिवशी मी गमावला.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती करावीशी वाटते. घरातली मुले अशा चित्रफिती करीत बसली, तर वेळ वाया घालवता म्हणून रागावू नये. त्यांना इतकेच सांगावे, की खाली साल घाला, नटाचे पूर्ण नाव घाला. आणि जमल्यास त्यांना घरातले जुने कपाट उघडून द्यावे. माझ्या नातीने मंडळाच्या वाचलेल्या तीन कॅसेट बाजारातून उतरवून आणल्या आहेत. त्यांतल्या एकीत १९८० नंतरच्या कोणत्याशा गणपतीत माझे वडील दारातून डोकावतात, एक वाक्य विसरतात, आणि सारे सभागृह हसते. ते वाक्य कोणते होते, हे ती मला रोज विचारते.