मणिकर्णिका आणि हिंगणे

काशीक्षेत्रातील मणिकर्णिका घाटावरचा चिताग्नी कधीही विझत नाही, अशी लोकांची दृढ समजूत आहे. कर्णभूषणातील मणी या जागी गळून पडला म्हणून घाटाला हे नाव मिळाले, असे पुराणकथा सांगते. येथे ज्याचा देह पडेल त्याच्या कानात स्वतः विश्वेश्वर तारक मंत्र सांगतो, या श्रद्धेने शतकानुशतके भारताच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या नदीतीरी येत राहिली. कित्येक केवळ यात्रेसाठी येत. परंतु कित्येक परत जाण्यासाठी येतच नसत. उरलेले आयुष्य काशीवासात घालवावे आणि शेवटी मणिकर्णिकेवर भस्म व्हावे, एवढीच त्यांची इच्छा असे.

महाराष्ट्राचे आणि या तीराचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले आणि मणिकर्णिका घाटाचे बांधकाम करविले. शेजारचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधविला. नागपूरकर भोसल्यांचा घाट त्याच ओळीत पुढे आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचा जन्म काशीचा, आणि त्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका हेच होते. या नामावळीत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अहिल्याबाई आणि बायजाबाई या दोघीही, हे घाट बांधविले तेव्हा विधवा होत्या. लक्ष्मीबाईंनी राज्यकारभार हाती घेतला तोही वैधव्यातच. ज्या विधवेच्या हाती राज्य आणि खजिना होता, ती काशीस घाट बांधू शकत होती. जिच्या हाती काहीच नव्हते, ती त्याच घाटाच्या पायऱ्यांवर बसून मरणाची वाट पाहत होती.

महाराष्ट्रातून काशीस येणाऱ्यांत अशा निराधार विधवांची संख्या लहान नव्हती. लहानपणी लग्न झालेले, संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच पती गेलेला, केशवपन झालेले, अक्षरओळख नाही, सासरी ओझे आणि माहेरी चिंता. अशा स्त्रीला काशीस पाठविणे हे घरच्यांना पुण्याचेही वाटे आणि सोयीचेही. तेथे तिला अन्नछत्रात दोन घास मिळत. गंगास्नान आणि देवदर्शन घडे. जे मिळत नसे ते म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन.

जुन्या काळच्या दानधर्माला येथे दोष देणे उचित होणार नाही. त्या व्यवस्थेने देवळे, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. पुण्याहून वा इंदूरहून निघालेला पैसा हुंडीच्या द्वारे सावकारांच्या पेढ्यांमार्फत काशीला बिनबोभाट पोहोचत असे. हुंडीचे हे तंत्र त्या काळाच्या मानाने मोठे कार्यक्षम होते. विद्येलाही त्यातून आश्रय मिळे. वेदपाठशाळा चालत आणि शास्त्रीपंडितांना दक्षिणा पोहोचे. परंतु या व्यवस्थेच्या दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे दाता एकच असे, आणि त्याचे राज्य गेले की दानही आटत असे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा अनेक विद्वानांना याचा अनुभव आला. दुसरी मर्यादा अशी की, विद्येसाठी दिलेला पैसा पुरुषांच्याच विद्येसाठी असे. स्त्री दान देणारी असू शके. विद्यादान घेणारी नव्हे.

ही दुसरी मर्यादा ओलांडण्याचा धाडसी प्रयत्न पंडिता रमाबाईंनी केला. अमेरिकेत जाऊन त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांनी दहा वर्षे ठराविक वर्गणी देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. वर्गणीचे वचन आधी घ्यावे, ते अनेकांकडून घ्यावे आणि मगच संस्था उघडावी, ही पद्धत आपल्याकडे नवी होती. परंतु पैसा परदेशाचा आणि तोही ख्रिस्ती मंडळींचा. त्यामुळे सदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले आणि हिंदू समाजाचा आधार तुटला. संस्थेचा पैसा कोठून येतो, यावर तिच्याविषयीचा लोकांचा विश्वास अवलंबून असतो, हा धडा पुणेकरांना त्या वेळी मिळाला.

शारदा सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ च्या मार्च महिन्यात फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्याबद्दल मुरूडच्या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. याच मुरूडसाठी कर्व्यांनी १८८६ मध्ये ‘मुरूड फंड’ काढला होता. गावाबाहेर राहून मिळविणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा अगदी लहानसा अंश गावाच्या कामासाठी द्यावा, अशी त्यामागची कल्पना. रक्कम फार मोठी जमली नाही. परंतु थोड्यांकडून पुष्कळ मागण्यापेक्षा पुष्कळांकडून थोडे मागावे, हे गणित त्या प्राध्यापकाच्या मनात तेव्हापासूनच बसले असावे.

१४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. कर्व्यांनी स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये देऊन फंडाला प्रारंभ केला. दुसऱ्यापुढे हात पसरण्यापूर्वी आपला हात मोकळा करावा, हा त्यांचा नियम होता. पुण्यात प्लेगची साथ वारंवार येत असल्याने १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे संध्याकाळी मैलोगणती चिखल तुडवीत हिंगण्यास जात, तेथील विधवांना शिकवीत आणि सकाळी परत कामावर येत. सुट्टी लागली की ते वर्गणी गोळा करण्यासाठी दौऱ्यावर निघत. हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

वर्गणी जमविणे हे वरवर पाहता याचनेचे काम वाटते. वस्तुतः ती एक कला आहे, आणि त्या काळी तिला नवी यंत्रसाधने लाभली होती. आगगाडीने दूरची गावे जवळ आणली. टपालखात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली, त्यामुळे खानदेशातील एखाद्या कारकुनालाही दोन रुपये पुण्यास पाठविणे शक्य झाले. हुंडी सावकाराची होती. मनीऑर्डर सामान्य माणसाची झाली. छापखान्यामुळे अहवाल छापून घरोघर धाडता येऊ लागला. चार आणे देणाऱ्याला पावती मिळाली आणि जमाखर्च त्याच्या डोळ्यांपुढे आला की, तो पुढच्या वर्षी आठ आणे देतो. गणिताच्या अध्यापकाला हिशेबाचे मोल निराळे सांगावे लागत नव्हते. कर्वे फर्डे वक्ते नव्हते. परंतु त्यांचा हिशेब चोख होता, आणि अखेर त्या हिशेबानेच लोकांचे मन जिंकले.

या कार्यात त्यांना लाभलेले सर्वांत मोठे साहाय्य मात्र कोणा धनिकाचे नव्हते. पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या भगिनी. विसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. आश्रमात येऊन त्या शिकल्या, तेथील व्यवस्था पाहू लागल्या आणि पुढे आश्रमासाठी निधी जमविण्यास गावोगाव फिरू लागल्या. ज्या समाजात विधवेचे दर्शन अपशकुन मानीत, त्याच समाजाच्या दारी एक विधवा उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसा मागत होती. लोकांनी पैसे दिले ते काही अंशी आश्रमाला आणि पुष्कळ अंशी त्यांच्या धैर्याला. व्याख्यान देण्याची कला त्यांनी फिरता फिरताच आत्मसात केली. इंग्रजीवाचून काम अडते असे दिसताच १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी निर्वाह केला, भाषा शिकून घेतली, संस्थेसाठी साहाय्य मिळविले आणि १९२० मध्ये त्या परतल्या. मणिकर्णिकेच्या वाटेला लावली जाणारी एक विधवा अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, यातच हिंगण्याच्या झोपडीचे सामर्थ्य दिसून येते.

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला लोकांच्या मताचीही किंमत मोजावी लागते. ज्यांनी स्वतः पुनर्विवाह करून बहिष्कार सोसला, त्या कर्व्यांनी आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होऊ दिला नाही. विधवांचे शिक्षण आणि विधवांचा विवाह ही दोन कार्ये त्यांनी कटाक्षाने वेगळी ठेवली. कारण पहिल्या कार्याला रुपया देणारे कित्येक गृहस्थ दुसऱ्याचे नाव काढताच दार लावून घेतील, हे त्यांना ठाऊक होते. आरंभीची बरीच वर्षे आश्रमाचा लाभ मुख्यत्वे ब्राह्मण विधवांनाच झाला, हेही खरे आहे. या सावधपणाबद्दल सुधारकांनी त्यांना दोष दिला आणि सनातन्यांनी तरीही संशय घेतलाच. ही तडजोड योग्य होती की नाही, याविषयी दोन मते राहतील. मात्र कर्व्यांच्या मनात ती सीमा कायमची नव्हती. १९०७ मध्ये त्यांनी अविवाहित मुलींसाठीही महिला विद्यालय काढले, १९०८ मध्ये आजन्म सेवा करणाऱ्यांचा निष्काम कर्ममठ स्थापिला, आणि १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ उभारला.

येथवर हिंगण्याने काशीकडे पाठ फिरविली असेच म्हणता येईल. परंतु या कथेत काशीचा पुन्हा एकदा प्रवेश होतो, आणि तो एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने. काशीचे दानशूर गृहस्थ बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांकडे पाठविली. हे विद्यापीठ जिंझो नारूसे यांनी १९०१ मध्ये टोकियो येथे स्थापन केले होते. शिवप्रसादजींनी पुढे काशीत ‘आज’ हे दैनिक आणि काशी विद्यापीठ या संस्था उभ्या केल्या. ‘आज’ला नावारूपाला आणणारे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीतच जन्मलेले महाराष्ट्रीय होते. कामाच्या गर्दीत ती पुस्तिका कर्व्यांनी प्रथम बाजूला ठेवली. १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा हाती घेतली. परिषदेत त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी, मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली.

१९१६ या एकाच वर्षी काशीत आणि पुण्यात दोन नव्या विद्यापीठांचा आरंभ झाला. ४ फेब्रुवारी रोजी काशीत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. पंडित मदनमोहन मालवीयांनी एक कोटी रुपयांचा संकल्प सोडून देशभर भ्रमंती केली होती. राजेमहाराजे त्यांच्या पाठीशी होते आणि कायद्याची मान्यताही होती. जून महिन्यात पुण्याला भारतवर्षीय महिला विद्यापीठ निघाले. त्याला ना सरकारी सनद होती, ना संस्थानिकांचे पाठबळ, आणि विद्यार्थिनी तर बोटांवर मोजण्याइतक्याच. भांडारकर कुलपती झाले, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले, आणि नियमित वर्गणी देणाऱ्या लोकांना विद्यापीठाच्या कारभारात मताचा अधिकार मिळाला. देणगीदाराला केवळ आभाराचे पत्र न देता मतदार करून घेणे, ही कर्व्यांच्या लोकाश्रयाची पुढची पायरी होती.

चार वर्षांनी या धडपडीला मोठे फळ आले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जगप्रवासात टोकियोचे तेच महिला विद्यापीठ पाहिले होते. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तिचे व्याज वर्षाला ५२,५०० रुपये होई. विठ्ठलदासांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. काशीहून आलेल्या पुस्तिकेने कर्व्यांना जे दाखविले, तेच विठ्ठलदासांनी प्रत्यक्ष पाहिले होते. म्हणून दोघांची गाठ पडण्यास वेळ लागला नाही. तरीही हे ध्यानात ठेवले पाहिजे की, चोवीस वर्षे चार-चार आण्यांच्या वर्गणीवर उभी राहिलेली, हिशेबाला चोख अशी संस्था डोळ्यांपुढे नसती, तर पंधरा लाखांना विसावण्यास जागाच नव्हती. लहान वर्गणीदारांनी आधी विश्वास निर्माण केला आणि मोठ्या दात्याने त्यावर आपली मोहर उमटविली.

एवढी देणगी मिळाल्यावर कर्व्यांनी झोळी खुंटीला टांगली नाही. १९२९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, ते युरोप, अमेरिका व जपानच्या दौऱ्यावर निघाले. पुढे आफ्रिकेतही फिरले. त्या प्रवासात त्यांनी टोकियोचे महिला विद्यापीठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि पुन्हा घरोघर फिरून पैसा-आणा जमवू लागले. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

अहिल्याबाईंचा घाट आजही गंगेच्या काठी आहे, आणि मणिकर्णिकेवरच्या चिता आजही जळत आहेत. राजाश्रयाने बांधलेला दगड टिकाऊ असतो, यात संशय नाही. हिंगण्याच्या झोपडीला दगडाचा आधार नव्हता. तिला आधार होता तो पावतीपुस्तकाचा, छापील अहवालाचा आणि दारोदार फिरणाऱ्या पार्वतीबाईंसारख्या स्त्रियांचा. त्या आधारावर हजारो स्त्रियांना अक्षर मिळाले, व्यवसाय मिळाला आणि पदवी मिळाली. पती गेल्यावर स्त्रीला मरणाची वाट पाहण्याखेरीज दुसरी वाट असू शकते, हे महाराष्ट्राला पटले ते या मार्गाने. विद्येच्या लहान संस्था चालविणाऱ्यांना आजही पैशाची विवंचना असतेच, आणि पैसा धाडण्याची साधने मनीऑर्डरच्या कितीतरी पुढे गेली आहेत. साधने बदलली तरी देणाऱ्याला आपल्या रुपयाचे काय झाले हे जाणून घ्यावयाचे असते, आणि ते त्याला नीट सांगणे हे संस्थेचे पहिले कर्तव्य ठरते.