स्लाव्ह लोकांच्या महिन्यांचीं नांवें

चैत्र-वैशाखादि आमच्या महिन्यांचीं नांवें नक्षत्रांवरून पडलीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. युरोपांतील स्लाव्ह लोकांनीं मात्र महिन्यांस नांवें देतांना आकाशापेक्षां भूमीकडेच अधिक पाहिलें. चेक लोकांचा जानेवारी ‘लेदेन’ म्हणजे बर्फाचा महिना. त्यांचा एप्रिल ‘दुबेन’ म्हणजे ओक वृक्षाचा. युक्रेनमध्यें मे हा ‘त्रावेन’, गवताचा महिना, व ऑगस्ट हा ‘सेर्पेन’, विळ्याचा महिना. जूनच्या ‘चेर्वेन’ या नांवांत तर एक किडा दडलेला आहे. त्या सुमारास तो गोळा करून त्यापासून तांबडा रंग काढीत.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. नांव एक असूनहि महिना एक नाहीं. ‘लिपा’ वृक्षाचा महिना क्रोएशियांत जून, तर पोलंडांत जुलै. विळ्याचा महिना क्रोएशियांत जुलै, तर पोलंडांत ऑगस्ट. दक्षिणेंत ऊब लवकर येते, म्हणून फूल व पीकहि लवकर, असें उत्तर कोणीहि देईल. पण पानगळीचा ‘लिस्तोपाद’ पाहावा. उबदार दक्षिणेंत पानें उशिरां गळावयास हवींत. तरीहि हा महिना क्रोएशियांत ऑक्टोबर, आणि पोलंड, चेकभूमि व युक्रेन येथें नोव्हेंबर! तेव्हां केवळ हवामानानें हें कोडें सुटत नाहीं.

आम्हांस वाटतें कीं, मुळांत हीं नांवें दिवस मोजून ठरविलेल्या महिन्यांचीं नसून ऋतूंतील कालखंडांचीं होतीं. ख्रिस्ती धर्माबरोबर रोमन पंचांग आलें, आणि ज्यानें त्यानें जुनीं नांवें नव्या चौकटींत आपापल्या परीनें बसविलीं. कीव्हच्या प्राचीन बखरींत याचा पुरावा सांपडतो. १०९७ सालीं वासिल्को या राजपुत्राचे डोळे काढून त्यास गाडींतून गोठलेल्या ढेकळांच्या वाटेनें नेलें. कारण तो ‘ग्रुदेन’ म्हणजे नोव्हेंबर होता, असें बखरकार सांगतो. ‘ग्रुदा’ म्हणजे गोठलेलें ढेकूळ. आज पोलंडांत व युक्रेनमध्यें हेंच नांव डिसेंबरचें आहे.

रशिया, सर्बिया व बल्गेरिया येथें रोमन नांवेंच रूढ झालीं. त्यांनीं व्यवहार सुकर झाला खरा. परंतु जुलियस सीझरच्या नांवाच्या महिन्यांत शेतकऱ्यास जागा उरली नाहीं. ‘सेर्पेन’ म्हणतांना मात्र, ज्यांनीं स्वतःविषयीं एक ओळहि लिहून ठेविली नाहीं, अशा कापणी करणाऱ्यांची आठवण आजहि निघते.