शाळापट्टी ते समूह शाळा : चांदा-गडचिरोलीच्या जंगलात शाळेचा खर्च कोणाचा आणि निर्णय कोणाचा?

१/ २१ सप्टेंबर २०२३. महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. त्या वेळी राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत होते आणि २९,७०७ शिक्षक शिकवत होते.

२/ या आकड्यांचा भागाकार केला की सरकारचा युक्तिवाद आपोआप समोर येतो. एका शाळेत सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुले. करदात्याच्या पैशाचा हा अपव्यय नव्हे काय, असा प्रश्न विचारला गेला. मात्र हा करदाता कोण, हे त्या चर्चेत फारसे कोणी विचारले नाही.

३/ त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हाच्या चांदा प्रदेशाचे भाग. इंग्रजी अमलात येथे जमीनमहसुलावर रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी वेगळी पट्टी बसली.

४/ ही शाळापट्टी शेतसाऱ्याच्या प्रमाणात होती. साहजिकच जेथे शेती मोठी, तेथे पट्टी मोठी. चांद्याच्या पूर्वेला व दक्षिणेला मात्र अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या होत्या. जंगल घनदाट, वस्त्या विरळ, नांगरटीखालची जमीन थोडी. तेथील खरी संपत्ती सागवानाची, आणि पट्टी तर शेतसाऱ्यावर! ज्या मुलखातून इमारती लाकूड बाहेर जात होते, त्याच मुलखात शाळेसाठी पैसा सर्वांत कमी जमणार, हे गणित पट्टीच्या रचनेतच होते.

५/ शेजारच्या मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखलेला होता. तेथेच करदात्याचा पहिला मोठा, लेखी आक्षेप नोंदला गेला, आणि तो नोंदवणारे होते महात्मा जोतीराव फुले.

६/ १९ ऑक्टोबर १८८२ रोजी फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन सादर केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : सरकारचा बहुतांश महसूल रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च प्रामुख्याने वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि गावातील प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते.

७/ येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुल्यांचा आक्षेप शाळेवर खर्च होतो याला नव्हता. जो भरतो त्याच्या मुलाला त्यातून काय मिळते, असा त्यांचा सवाल होता. करदात्याची शंका म्हणजे खर्चाला विरोध, असे समीकरण आज सहज मांडले जाते. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र त्या शंकेचा उगम खर्चाच्या वाटपातील अन्यायात आहे.

८/ मध्य प्रांतात १८८३ मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि ग्रामीण शाळांचा कारभार क्रमाने डिस्ट्रिक्ट कौन्सिलांकडे आला. पुढे संयुक्त महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि १ मे १९६२ पासून त्या कामास लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. निर्णय गावाच्या जवळ आणण्याची ही दिशा होती.

९/ २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरमागे अवघी ७४ माणसे. अशा जिल्ह्यात कमी पटाची शाळा हा अपवाद नसतो. वस्तीच लहान असेल तर तिची शाळाही लहानच असणार.

१०/ २००० च्या सुमारास राज्याने दुर्गम पाड्यांसाठी वस्तीशाळा सुरू केल्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, असा त्यामागील विचार होता. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे अंतर नियमांनी ठरवले.

११/ केंद्राच्या २०१० च्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. जेथे भूभाग खडतर आहे, पुराचा धोका आहे किंवा रस्ते नाहीत, तेथे हे अंतर आणखी कमी करून शाळेची जागा ठरवावी, असे ती सांगते. जणू भामरागड डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेले कलम!

१२/ भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढते आणि तालुक्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. नकाशावरचे पाच किलोमीटर उन्हाळ्यात पाच किलोमीटरच असतात. आषाढात मध्ये एक नाला आला की सात वर्षांच्या मुलासाठी तेच अंतर ओलांडता न येणारे होते.

१३/ आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहावी. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता एकत्र शिकवणे अवघड असते. एखाद्या इयत्तेत एकच मूल असेल तर त्याला बरोबरीचा सोबती नसतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाचे साहित्य सर्वत्र पुरवता येत नाही. पानशेत आणि तोरणमाळ येथील एकत्रित शाळांचे दाखले सरकारने दिले, ते याच कारणांसाठी.

१४/ हा विचार नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘शाळा संकुला’ची कल्पना मांडली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा पुढे आणली. पण जवळपासच्या शाळांनी शिक्षक व साधने वाटून घ्यावीत, हा संकुलाचा मूळ अर्थ. शाळा जागेवर ठेवून साधने फिरवणे वेगळे आणि शाळा बंद करून मुले फिरवणे वेगळे.

१५/ अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९३९-४० मध्ये तेथे १,१७,१०८ शालेय जिल्हे होते. एकत्रीकरणानंतर आज ते १४ हजारांहूनही कमी उरले आहेत. तेथील ग्रामीण करदात्यांनी याला दीर्घकाळ विरोध केला. कर आपण भरायचा आणि शाळेवरचा अधिकार मात्र दूरच्या गावाकडे जायचा, हे त्यांना मान्य नव्हते. प्रवासाचा खर्च वाढेल, ही शंकाही होतीच.

१६/ हीच शंका महाराष्ट्रातही उमटली. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुले इतरत्र सामावून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा पालक, शिक्षक संघटना आणि कार्यकर्त्यांनी विरोध केला. २०२३ मध्ये तो अधिक व्यापक झाला. शाळा हलली की पगाराचा खर्च सरकारच्या हिशेबातून कमी होतो. प्रवासाची चिंता, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेली मुलगी यांची नोंद मात्र कोणत्याच हिशेबात होत नाही.

१७/ मग जंगलातील माणूस करदाता नाही काय? मीठमिरची सोडा, साबण घेतानाही तो कर भरतो. चंद्रपूरचा कोळसा, गडचिरोलीचा बांबू, तेंदूपाने आणि सुरजागडचे लोहखनिज यांतून शासनाला महसूल मिळतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी अंशदान घेतले जाते आणि त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत शिक्षण आहे. चांद्याची जुनी विसंगती दूर करण्याचे साधन आज हाताशी आहे.

१८/ प्रश्न केवळ पैशाचाही नाही. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. मान्यता नसल्याच्या कारणावरून शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. एकीकडे पट नाही म्हणून शाळा हलवण्याचा प्रस्ताव, तर दुसरीकडे गावाने उभारलेल्या शाळेला मान्यता नाही. दोन्ही ठिकाणी निर्णयाचा अधिकार गावाबाहेर आहे.

१९/ वास्तविक कायद्याने गावाला स्थान दिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. एकत्रीकरणाच्या प्रस्तावावर या दोहोंचे मत आधी घेतले, पावसाळ्यातील वाट प्रत्यक्ष चालून पाहिली आणि वाहतुकीचा खर्च हिशेबात धरला, तर काही गावे कदाचित स्वतःहून एकत्र येतील. काही येणार नाहीत, आणि त्यांच्याकडे त्याचे कारण असेल.

२०/ १८८२ मध्ये पुण्याहून विचारला गेलेला प्रश्न आज भामरागड, एटापल्ली, जिवती येथे तितकाच जिवंत आहे : ज्यांच्या श्रमातून आणि भूमीतून महसूल येतो, त्यांच्या मुलांच्या वाट्याला त्यातले किती येते? बारा मुलांच्या शाळेवर होणारा खर्च जास्त की कमी, हे या प्रश्नाचे उत्तर दिल्यानंतरच ठरवता येईल.