तिळाकडे नीट पाहायला माणूस कसा शिकला



मागे एका गावात बचत गटाची बैठक संपल्यावर एका ताईंनी चप्पल काढून आम्हाला तळपाय दाखवला. टाचेजवळ काळा डाग होता. "आधी तिळाएवढाच होता, दोन वर्षांत वाढलाय," त्या म्हणाल्या. सासूबाई म्हणत होत्या, पायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी, चांगलंच आहे. शेजारीण म्हणत होती, बिब्बा लाव, जाईल. आणि घरधनी म्हणत होते, डॉक्टरकडं नको, लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो.

त्या ताईंचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी तिळाचा इतिहास ऐकू या, कारण 'लोखंड लागलं की पसरतो' ही भीती कुठून आली असेल, तेही त्यातच सापडतं.

तीळ आपल्या सगळ्यांच्याच अंगावर असतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी एका ठिकाणी गोळा झाल्या की तीळ होतो. बहुतेक तीळ जन्मभर काही त्रास देत नाहीत. पण याच रंगाच्या पेशींचा एक कॅन्सर होतो, त्याला मेलानोमा म्हणतात.

1787 साली लंडनमध्ये जॉन हंटर नावाच्या शल्यवैद्याने 35 वर्षांच्या एका माणसाच्या जबड्याजवळची गाठ कापून काढली. ती काय आहे हे त्याला नेमकं कळलं नाही, पण त्याने ती जपून ठेवली. 1968 साली, म्हणजे 181 वर्षांनी, ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली, तेव्हा तो मेलानोमा होता हे कळलं. मधल्या काळात, 1804 साली, फ्रान्सच्या लेनेक या डॉक्टरांनी या काळ्या गाठी म्हणजे एक वेगळा आजार आहे असं मांडलं. छातीला लावायची नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, पुढे यांनीच शोधली.

पण आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो तो विल्यम नॉरिस. हा इंग्लंडमधल्या स्टोअरब्रिज या गावचा साधा डॉक्टर. 1820 साली त्याने 59 वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत छापली. त्या माणसाच्या पोटावरच्या तिळातून गाठ उठली होती. नॉरिस गाठ बघून थांबला नाही, त्याने घरच्यांची चौकशी केली. तेव्हा कळलं की रुग्णाचे वडील अशाच आजाराने गेले होते, आणि वडील, भाऊ, मुलं, सगळ्यांच्याच अंगावर पुष्कळ तीळ होते. हा आजार घराण्यात उतरत असावा, असं त्याने लिहून ठेवलं. 'घरात आणखी कुणाला आहे का?' एवढ्या एका प्रश्नातून ते कळलं.

ही गोष्ट मोठ्या अभ्यासातून पुढे यायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. 1978 साली अमेरिकेत वॉलेस क्लार्क आणि त्यांच्या सोबत्यांनी अशीच काही कुटुंबं तपासली. त्यांच्या अंगावर वेगळेच तीळ होते: नेहमीपेक्षा मोठे, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग. दोन कुटुंबांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून या प्रकाराला 'बी-के मोल' म्हणू लागले. पुढे नावं बदलत गेली. 1992 साली अमेरिकेत तज्ज्ञांची मोठी बैठक झाली आणि 'अटिपिकल मोल' हे नाव सुचवलं गेलं. आपण त्याला 'वेगळा तीळ' म्हणू.

मैत्रिणींनो, वेगळा तीळ म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेगळे तीळ कधीच कॅन्सर होत नाहीत. उलट मेलानोमा बरेचदा कोऱ्या कातडीवरच उठतो. म्हणून अंगावरचे सगळे तीळ काढून टाकणं हा उपाय नाही. ज्यांच्या अंगावर असे पुष्कळ तीळ आहेत, किंवा घरात कुणाला मेलानोमा झाला आहे, त्यांच्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. भिंगासारख्या डर्मोस्कोपने बघतात, फोटो काढून ठेवतात, काही महिन्यांनी ताडून पाहतात. शंका येईल तोच तीळ काढतात.

आता लोखंडाच्या भीतीकडे येऊ. पूर्वी रुग्ण फार उशिरा यायचे. गाठ बाहेर दिसेपर्यंत आजार आत पोचलेला असायचा. शस्त्रक्रिया व्हायची आणि काही दिवसांनी दुसरीकडे गाठ दिसायची. लोकांना वाटायचं, चाकूने पसरवला. खरं तर तो आधीच पसरलेला असायचा.

उपचारही तेव्हा अंगावर काटा आणणारे होते. 1907 साली लंडनच्या हँडली या शल्यवैद्यांनी आजार फार पुढे गेलेल्या एका बाईच्या शवाची तपासणी केली आणि गाठीभोवतीचा मोठा भाग काढावा असं सांगितलं. त्या एका शरीराच्या आधारावर कित्येक दशकं शल्यवैद्य गाठीभोवतीची पाच-पाच सेंटीमीटर कातडी काढत राहिले. जखम भरायला मांडीची कातडी आणून लावावी लागे.

हे बदललं ते मोजमापामुळे. 1970 साली अमेरिकेच्या ब्रेस्लो यांनी दाखवलं की गाठ कातडीत किती मिलिमीटर खोल गेली, यावरून धोका ठरतो. मग इटलीच्या व्हेरोनेसी यांच्या पुढाकाराने 612 रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्या गाठी दोन मिलिमीटरपेक्षा जाड नव्हत्या. काहींची भोवतालची एक सेंटीमीटर कातडी काढली, काहींची तीन किंवा अधिक. 1988 साली निकाल छापला गेला: दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. म्हणजे लवकर आलं तर थोडकं काढून भागतं.

शंकेचा तीळ तपासायचा तर जागा बधिर करून तो शक्यतो अख्खा काढतात, टाके घालतात आणि तीळ प्रयोगशाळेत पाठवतात. याने कॅन्सर पसरत नाही. पण बिब्बा, चुना लावून किंवा पार्लरमध्ये जाळून घेतला, तर तपासायला काही उरतच नाही. वरून जखम होते आणि आजार असेल तर आत तसाच राहतो.

ओळखायचं कसं? 1985 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी चार खुणा सांगितल्या, 2004 साली पाचवी जोडली. एक, तिळाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यासारखा नाही. दोन, कडा वेडीवाकडी. तीन, एकात अनेक रंग. चार, पेन्सिलच्या मागच्या टोकाहून, म्हणजे सहा मिलिमीटरहून मोठा. पाच, बदल: वाढतोय, रंग बदलतोय, खाजतोय, रक्त येतंय. पाचवी खूण पक्की लक्षात ठेवा.

या खुणा गोऱ्या कातडीवरून ठरल्या. तिथे हा आजार उन्हाने जास्त होतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो मुळात कमी, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. 1886 सालीच इंग्लंडच्या हचिन्सन यांनी नखाच्या अशा आजाराचं वर्णन केलं होतं. नखाचा काळेपणा भोवतालच्या कातडीवर उतरला तर ती धोक्याची खूण. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याला 1977 साली हाच आजार निघाला. 1981 साली, वयाच्या 36 व्या वर्षी, ते गेले.

आपण चिखलात भात लावतो, अनवाणी रान तुडवतो. तळपाय बघायला सवड कुणाला? काटा मोडला असेल, ठेच लागली असेल, म्हणून सोडून देतो. म्हणून महिन्यातून एकदा, न्हाण्याच्या दिवशी, तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघा. पाठ मुलीला नाहीतर जावेला बघायला सांगा. बदल दिसला तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात जा आणि घरात आधी कुणाला असं झालं होतं का, तेही सांगा.

त्या ताई गेल्या. गटातल्या दोघी सोबत होत्या. डाग अख्खा काढला, टाके पडले, पंधरा दिवस शेत बंद राहिलं. अहवाल आला: पेशी थोड्या वेगळ्या आहेत, कॅन्सर नाही. आता सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे. घरधनी म्हणाले, "लोखंड लागलं, तरी काही झालं नाही की!"

आज रात्री पाय धुताना तळवा एकदा उजेडात धरा, मैत्रिणींनो. पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार.