डिस्कोचा गळा, सुवार्तेचे गीत

१९८२ साली बब्बर सुभाष यांचा ‘डिस्को डान्सर’ हा चित्रपट आला आणि त्याची गाणी तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील जत्रांच्या कर्ण्यांवरही वाजू लागली. मिथुन चक्रवर्तींचे नाव पोरासोरांच्या तोंडी झाले. त्यांच्या ‘आय ॲम अ डिस्को डान्सर’ या गीतामागचा गळा मात्र विजय बेनेडिक्ट यांचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते. संगीत बप्पी लाहिरी यांचे, शब्द अंजान यांचे.

पार्श्वगायनाचा हा धर्मच आहे. त्याच चित्रपटात सुरेश वाडकर, उषा उथुप, पार्वती खान आणि स्वतः बप्पीदा असे अनेक गळे होते. बेनेडिक्ट यांच्या वाट्याला सर्वांत गाजलेले शीर्षकगीत आले. पुढे ‘कसम पैदा करने वाले की’ (१९८४) व ‘डान्स डान्स’ (१९८७) या चित्रपटांतही ते गायिले. ‘डान्स डान्स’मधील हलवेवाल्याच्या द्वंद्वगीतात आपल्या उत्तरा केळकर त्यांच्यासोबत होत्या. डिस्कोची लाट ओसरली आणि बेनेडिक्ट हिंदी ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळले. आता त्यांच्या गळ्यापुढे कोणी नट उभा नव्हता.

हे वळण त्यांच्या एकट्याचे नव्हे. अमेरिकेच्या ग्लोरिया गेनर यांना १९८० साली सर्वोत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार त्या एकाच वर्षी दिला गेला. चाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांना दुसरा ग्रॅमी मिळाला, तो ‘टेस्टिमनी’ या गॉस्पेल गीतसंग्रहासाठी.

चित्रपटात मागणी सरली की गायकाला देव आठवतो, असे आपल्याकडे कुणी कुत्सितपणे म्हणते. आम्हांस हा न्याय उथळ वाटतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले, ते ओवीत. ओवी काही त्यांनी युरोपातून आणली नव्हती. लोकांच्या कानी रुळलेली चाल सुवार्तेला वर्ज्य नाही, ही आपली जुनीच परंपरा आहे.

तथापि मिस्साबलिदानाचा प्रश्न निराळा. १९६३ च्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानाने त्या त्या देशाच्या संगीतपरंपरेचा आदर करावयास सांगितले. १९६७ च्या ‘मुसिकाम साक्राम’ने मात्र लोकमताने व वापराने केवळ ऐहिक संगीतालाच साजणारी वाद्ये उपासनेतून वगळण्यास बजावले. म्हणजे प्रश्न गायकाच्या पूर्वायुष्याचा नाही, ठेक्याचा आहे. तुळजापूरच्या संबळाशेजारी वाढलेल्या आपल्या मुलांना ठेका शिकवावा लागत नाही. तो आवरावा कुठे, हे गायनवृंदाला शिकवावे लागते. डिस्कोत प्रत्येक मात्रेवर जड ठोका पडतो. प्रार्थनामेळाव्यात त्याने हात आपोआप टाळ्या देऊ लागतात, आणि ते बरेच आहे. स्तोत्राचे पालुपद चालू असताना तोच ठोका शब्द गिळून टाकतो. तेव्हा कीबोर्डवरील ते बटण स्तोत्रापुरते बंद ठेवावे.