कुरव, सुरय आणि घोड-कुकडीचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित आहेत ते नाणेघाटातील सातवाहन लेखांमुळे, जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या दोनशेहून अधिक लेण्यांमुळे आणि शिवनेरीमुळे. येथील शिलालेखांवर, नाण्यांवर आणि किल्ल्यांवर विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने येथील नद्या, त्यांतील मासे आणि त्या माशांवर जगणारे जीव यांचा इतिहास उपेक्षित राहिला. वस्तुतः तोही इतिहासच होय. आणि त्याची साधने वाटतात तितकी तुटपुंजी नाहीत. प्रस्तुत लेखात या पाण्यावरील मत्स्याहारी पक्ष्यांच्या, विशेषतः कुरव व सुरय यांच्या आहाराचा विचार करावयाचा आहे. निमित्त असे की, ज्यांना सामान्यतः 'समुद्रपक्षी' म्हटले जाते ते कुरव भीमेच्या खोऱ्यातील जलाशयांवर हिवाळ्यात नियमाने दिसतात. समुद्रापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, सह्याद्रीच्या पूर्वेस, हे पक्षी काय खाऊन राहतात, आणि पूर्वी येथे त्यांच्याजोगे अन्न कितपत होते?

प्रथम नावाविषयी. कुरव या शब्दाचे नाते संस्कृतातील 'कुरर' या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु कोशांत कुरर म्हणजे पाण्यावर झडप घालून मासा उचलणारा ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी असा अर्थ दिलेला आढळतो, आणि कुरव काही शिकारी पक्षी नव्हे. ध्वनीच्या साम्यावरून यापुढे जाणे धोक्याचे आहे. 'समुद्रपक्षी' हे नाव तर अधिकच फसवे. आपल्याकडे येणारा तपकिरी डोक्याचा कुरव अंडी घालतो तो लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांच्या काठी. म्हणजे जन्माने तो पहाडी तळ्यांचा रहिवासी असून समुद्राशी त्याचा संबंध येतो तो मुख्यतः हिवाळ्यात. (त्याचे डोके तपकिरी असते तेही विणीच्या काळात, आपल्याकडे हिवाळ्यात पाहणाऱ्यास पांढरे डोके आणि कानामागे एक काळसर ठिपका एवढेच दिसते, त्यामुळे नाव ऐकून पक्षी ओळखू जाणारा हमखास गोंधळतो.) कुरवाच्या डोळ्यांच्या वर क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्यामुळे तो खारे पाणी पिऊनही जगू शकतो, आणि गोडे पाणी तर त्याला चालतेच. तेव्हा कुरव देशावर का आला, हा प्रश्न पाण्याच्या चवीचा नसून पाण्याच्या विस्ताराचा व अन्नाचा आहे, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

आता साधनांकडे वळू. सातवाहनांच्या अनेक नाण्यांवर वळणे घेत जाणारी नदी आणि तिच्यातील मासे हे चिन्ह आढळते. जुन्नर हे त्या राजवटीचे महत्त्वाचे व्यापारी केंद्र होते. त्या चिन्हावरून येथील माशांची गणना करणे हास्यास्पद ठरेल, परंतु नदी म्हणजे मासे ही सांगड त्या काळच्या मनात किती सहज होती एवढे त्यावरून कळते. खऱ्या अर्थाने निरीक्षणाच्या नोंदी मिळतात त्या एकोणिसाव्या शतकापासून, आणि त्यांचा आरंभ एका लष्करी अधिकाऱ्याच्या नावाशी निगडित आहे.

विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात, खडकी व पुणे येथील लढायांत, तो होता. पुढे १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती जमविण्याच्या कामावर त्याची नेमणूक केली, आणि त्या निमित्ताने त्याने हा मुलूख पायाखाली घातला. नाणेघाटातील व जुन्नर परिसरातील कोरीव लेख विद्वानांच्या नजरेस प्रथम आणणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. पिके, लोकसंख्या, पाऊस, लेख, मासे, पक्षी या सर्वांकडे तो सारख्याच कुतूहलाने पाहत असे. अर्थात ही जिज्ञासा निव्वळ नव्हती. नव्याने हाती आलेल्या मुलखाचे मोजमाप करून महसुलाची घडी बसविण्याच्या राज्यकर्त्यांच्या गरजेतूनच त्याचे पद निर्माण झाले होते. तरीही त्याच्या नोंदींचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

साइक्सची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात १८३२ साली प्रसिद्ध झाली. ओढ्याकाठी निश्चल उभी राहणारी आपली ढोकरी शास्त्रीय जगात प्रथम नोंदली गेली ती याच यादीत. घारीला त्याने 'गोविंदा' हे नाव दिले, व ते आजही या उपजातीस चिकटून आहे. त्या काळचे बहुतेक संग्राहक पिसांचा रंग आणि चोचीची लांबी नोंदवून थांबत. साइक्स मात्र पक्षी काय खातो याचीही दखल घेताना दिसतो. घारीविषयी त्याने लिहिले आहे की, ती आकाशात घिरट्या घालीत कोंबडीच्या पिलावर, स्वयंपाकघरातून बाहेर टाकलेल्या मांसाच्या तुकड्यांवर टपून असते, आणि प्रसंगी स्वयंपाकघरातून घराकडे नेल्या जाणाऱ्या ताटावरही झडप घालण्याचे धाडस करते. अन्नाच्या शोधात माणसाच्या जवळ येणाऱ्या पक्ष्याचे हे चित्र मोठे बोलके आहे, आणि कुरवाच्या संदर्भात त्याची आठवण पुढे होईलच.

नदीवरील सुरयाला साइक्सने 'स्टर्ना सीना' असे नाव दिले. सीना नदीच्या नावाशी त्याचे साम्य लक्षात आल्यावाचून राहत नाही. या पक्ष्याचे वर्णन एका वर्षापूर्वीच अन्य नावाने झालेले असल्यामुळे नियमानुसार साइक्सचे नाव मागे पडले, परंतु नदी सुरय हा दख्खनच्या नद्यांवर तेव्हा त्याच्या पाहण्यात होता याची ती निर्विवाद नोंद आहे. माशांवरील त्याचा निबंधही असाच महत्त्वाचा. शास्त्रीय नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उचलली : शिंगटीचे 'सींगटी', नकट्याचे 'नुक्ता', तसेच 'खुद्री', 'कोलुस', 'मुल्या', 'फुलुंजी'. लॅटिन पेहरावातील ही मराठी नावे पाहून कौतुक वाटते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, धरणांच्या पूर्वी भीमेच्या खोऱ्यात कोणते मासे होते याची ही एक विश्वसनीय यादी आपल्या हाती आहे. पक्ष्यांच्या आहाराचा इतिहास लिहावयाचा तर या यादीपासूनच आरंभ केला पाहिजे.

त्या काळची नदी कशी होती? घोड नदी आहुपेच्या परिसरात, कुकडी नाणेघाटाजवळ कुकडेश्वराच्या बाजूस उगम पावते. मीना व कुकडी घोडला मिळतात आणि घोड भीमेला. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या या नद्या उन्हाळ्यात आटून डोहांपुरत्या उरत. आषाढाच्या तोंडी पहिल्या पुरात मासे विणीसाठी उलट्या दिशेने ओढ्यांत व भातखाचरांत चढत. हे 'चढणीचे मासे' म्हणजे महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांच्या वर्षाच्या आहारातील मोठा आधार, आणि बगळ्यांचाही. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवर व खडकांवर नदी सुरय अंडी घालीत. अशा नदीत सुरयाला अन्न होते, खंड्याला होते, ढोकरीला होते. कुरवांच्या थव्याला मात्र येथे फारसे काही नव्हते. कारण कुरवाची खाण्याची रीतच वेगळी आहे, आणि ती थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे.

सुरय हवेतून नेम धरून पाण्यात सूर मारतो. पाणकावळा पाण्याखाली पोहत जाऊन माशाचा पाठलाग करतो. त्याची पिसे भिजतात, म्हणून नंतर पंख पसरून तो उन्हात बसतो. कुरवाला यांतील एकही विद्या धड येत नाही. तो उडता उडता पृष्ठभागावरचे उचलतो, पाण्यावर तरंगत बसून टिपतो, काठावरच्या चिखलातून किडे व गांडुळे वेचतो, हवेतले कीटक पकडतो, बंदरांत बोटींवरून फेकलेले माशांचे अवशेष गिळतो, आणि दुसऱ्याने पकडलेला मासा त्याला सतावून सोडावयास लावतो. न पचलेली हाडे व खवले तो गोळीच्या रूपाने ओकून टाकतो. अशा गोळ्या तपासून, पक्षी न मारताही, त्याचा आहार अभ्यासता येतो. साइक्सच्या काळी ही सोय कोणाच्या मनात आली नव्हती. युरोपात नांगरामागून चालणारे कुरव शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. अमेरिकेत सॉल्ट लेकच्या काठी १८४८ साली पिकांवर पडलेल्या किड्यांचा कुरवांनी फडशा पाडला, आणि कृतज्ञतेने तेथे पुढे त्यांचे स्मारक उभारले गेले. निको टिनबर्गेन यांनी हेरिंग कुरवाच्या चोचीवरील लाल ठिपक्याला पिलू टोच मारते व त्यामुळे आई-बाप अन्न ओकून देतात हे प्रयोगांनी दाखवून दिले. प्राण्यांच्या वर्तनावरील कार्याबद्दल १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सारांश, कुरव हा सर्वभक्षी आणि संधिसाधू पक्षी आहे. त्याला हवे असते ते विस्तीर्ण उघडे पाणी, उथळ कड आणि सहज मिळणारे अन्न.

हे तिन्ही भीमेच्या खोऱ्यात निर्माण झाले ते माणसाच्या हातून. १९७० नंतरच्या तीन दशकांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे उभी राहिली : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरील डिंभे. यांपैकी डिंभ्याची साठवण सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट आहे. खाली भीमेवर १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, व जुन्नर-आंबेगावचे उरलेसुरले पाणी शेवटी तेथेच जाऊन थांबते. जेथे डोह होते तेथे सागरासारखा विस्तार झाला. त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यात आले. उजनीत चिलापीने जम बसविला. साइक्सच्या यादीतील चढणीच्या माशांना भिंतींनी वाट अडविली. माशांची जात बदलली की त्यांवर जगणाऱ्यांचीही बदलते, यात नवल नाही. हिवाळ्यात उजनीवर भिगवणच्या परिसरात कुरवांचे मोठे थवे उतरतात. जाळी ओढली जात असता निसटलेले व टाकून दिलेले छोटे मासे हा त्यांचा मोठा आधार होय.

येथे एका वादाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. डिंभ्याच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ते बहुतांशी आदिवासी शेतकरी होते. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगावच बुडाले, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष उघडे पडतात. 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्याने विस्थापितांनी मासेमारीची सहकारी संस्था उभारली, आणि पाणी उतरल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर गाळपेर करण्याचा हक्कही मागितला. ज्याची जमीन गेली त्याचा पाण्यातील माशावर पहिला हक्क, ही भूमिका न्याय्यच म्हटली पाहिजे. परंतु जेथे मत्स्यबीज सोडले जाते तेथे 'पक्षी बीज खातात' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि तीत सर्व पक्ष्यांना एकाच पंक्तीत बसविले जाते. ते बरोबर नव्हे. पाणकावळ्याचे थवे बोटुकलीचे नुकसान करू शकतात हे मान्य. कुरव मात्र बव्हंशी मेलेले, अर्धमेले व फेकलेले उचलतो. कोळ्याच्या जाळ्याशी त्याचे नाते स्पर्धकाचे कमी आणि उष्टे वेचणाऱ्याचे अधिक आहे. शिवाय तो येतो ऑक्टोबरच्या सुमारास व जातो एप्रिलपर्यंत; पावसाळ्यात जेव्हा बीज सोडले जाते तेव्हा तो येथे नसतोच.

अलीकडे त्याच्या आहारात एका नव्या पदार्थाची भर पडली आहे, ती शेव-फरसाणाची. मुंबईच्या किनाऱ्यावर आणि मांडव्याच्या बोटींवर हौशी लोक कुरवांना गाठ्या व वेफर फेकतात. भिगवणच्या नावांतून जाणारे पर्यटकही छायाचित्रासाठी तेच करू लागले. पक्षी जवळ येतात हे खरे. साइक्सची घारही ताटाजवळ येतच होती. फरक एवढाच की तिला कोणी बोलावीत नव्हते. तेलमीठ लावलेल्या या खाद्यात माशाचे सत्त्व नसते, आणि एप्रिलमध्ये हिमालय ओलांडावयाचा असलेल्या पक्ष्याला अंगात चरबी साठवावयाची असते ती चांगल्या अन्नातून. हौसेला भूतदयेचे नाव देऊन हा प्रकार चालतो, हे अधिक खटकते.

कुरवाला धरणांनी अन्न दिले; नदी सुरयाची गोष्ट निराळी झाली. तो पाहुणा नसून येथलाच रहिवासी आहे, आणि आज जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते. जलाशयात त्याला मासे मिळतात, पण अंडी घालावयास वाळूचा किंवा खडकाचा सुरक्षित उंचवटा लागतो, तो नदीतील वाळूच्या उपशाने नाहीसा होत चालला आहे. त्यात त्याची वीण साधारणतः मार्च ते मे या महिन्यांत असते. उन्हाळी आवर्तनाचे पाणी वरच्या धरणांतून याच दिवसांत सुटते. पात्रातून ते वाहिले की खालच्या खडकांवर घातलेली अंडी बुडतात. आणि जलाशयाची पातळी झपाट्याने उतरली की ज्या बेटावर सुरय बसला ते काठाला जोडले जाऊन कुत्री व कोल्हे तेथवर चालत जाऊ शकतात.