लेखनिक, संशोधक आणि लातूर पॅटर्न

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत लातुरात परीक्षेच्या तयारीची एक स्वतंत्र शिस्त घडली. जादा तास, सराव चाचण्या, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि पुन्हा सराव असे तिचे स्वरूप होते. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांशी नाव जोडला गेलेला हा ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. शेजारच्या नांदेडमध्ये, विष्णुपुरीला, १९८१ साली श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. या परिसरातील अनेक मुलांनी पुढे पुण्या-हैदराबादेत संगणकाच्या आज्ञावली लिहून चरितार्थ चालवला. यांतील ‘लिहून’ हा शब्द आज तपासून पाहावा लागतो.

आज्ञावली लिहिण्याचे श्रम यंत्राकडे सोपवण्याचा विचार नवा नाही. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये फोरट्रान ही भाषा सिद्ध केली. माणसाने गणिती सूत्रासारखे विधान लिहावे आणि यंत्राच्या सूचनांत त्याचे रूपांतर कंपायलरने करावे, अशी ही योजना. हाताने लिहिलेल्या सूचनांची सर यंत्राला येणार नाही, असे तेव्हाच्या जाणकारांना वाटत होते. तो संशय लवकरच मावळला. मात्र कंपायलर नियमाने बांधलेला असतो. त्याच विधानातून तो त्याच सूचना देतो. २०२१ साली गिटहब कोपायलट आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, ते या जातीचे नव्हते. असंख्य आज्ञावली वाचून पुढे काय येणे संभाव्य आहे, हे ही साधने ठरवतात. एकाच मागणीला दोनदा दोन निराळी उत्तरे मिळू शकतात, आणि चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतकेच सुघड दिसते. २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रेई कार्पाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला: मागणी सांगावी, आलेली आज्ञावली न वाचताच स्वीकारावी. त्याच वर्षी मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या परिचयाच्या प्रकल्पांत ही साधने वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आपले काम २० टक्के वेगाने झाले, असा मात्र त्यांचा समज होता. साधने पुढे सुधारली, तरी हा आत्मवंचनेचा भाग विसरण्याजोगा नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. पुढे नकलांमागून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत, असे बजावले. भेसळीची ओवीही छंदात बसणारी आणि कानाला गोड लागणारी असू शकते. ती ओळखायची, तर ग्रंथ अंगी मुरलेला असावा लागतो. एकनाथांनी स्वतः विपुल ओवीलेखन केले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. आजचा प्रोग्रामर लेखनिकाच्या आसनावरून उठून संशोधकाच्या आसनावर बसतो आहे. ज्याने वर्षानुवर्षे स्वतः लिहिले, त्याला ही बढती आहे. ज्याने कधीच लिहिले नाही, त्याचे काय?

हा प्रश्न नांदेड-लातूरला अधिक जवळचा आहे. किनवट किंवा उदगीरच्या विद्यार्थ्याला इंग्रजीची अडचण होती. आता तो आपली मागणी मराठीत मांडू शकतो, आणि हा लाभ लहान नव्हे. परंतु नवख्याला आजवर मिळत आलेले छोटे, कंटाळवाणे काम हेच त्याच्या शिकण्याचे साधन होते, आणि यंत्र सर्वांत आधी तेच उचलते. लातूर पॅटर्नवर एक आक्षेप नेहमी घेतला गेला: तो उत्तर लिहायला शिकवतो, प्रश्न विचारायला नव्हे. तयार उत्तर स्वस्त झाल्यावर या आक्षेपाची धार वाढते. पण त्याच पॅटर्नमध्ये एक दुसरे अंगही होते. लिहिलेले उत्तर तपासले जाई, चूक दाखवली जाई आणि मुलगा ते पुन्हा लिहीत असे. टिकवायचे असेल तर ते हे. यंत्राने दिलेली आज्ञावली ही एक उत्तरपत्रिका मानून विद्यार्थ्याने ती ओळीओळीने तपासावी. पण त्याआधी तसली एक तरी आज्ञावली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली असावी.